सर्व्हरवर कोण कोण आहे? सामायिक लिनक्स मशीनवर नव्याने आलेल्यांसाठी

विभागाच्या सर्व्हरवर खातं मिळालं की पहिल्याच आठवड्यात प्रत्येक नवा विद्यार्थी विचारतो, "सर, एवढं का रेंगाळतंय? कोण बसलंय त्यावर?" घरच्या लॅपटॉपवर हा प्रश्न पडत नाही, कारण तिथे मालक आणि भाडेकरू आपणच. इथे नळ एक आणि बिऱ्हाडं साठ.

प्रश्न एक वाटतो, पण ते चार वेगळे प्रश्न आहेत. आत्ता आत कोण आहे? मशीन खरोखर राबवतंय कोण? दिसतंय ते नाव कुणाचं? आणि कोण कधी येऊन गेलं? या चारही प्रश्नांची उत्तरं मशीन चार निराळ्या ठिकाणी ठेवतं. एकाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवलं की भलत्याच माणसावर आळ येतो. मी तो एकदा घेतलाय, ते पुढे सांगतो.

आधी एक खुलासा. आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलवर त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या. स्पेलिंगचा घोळ होण्यासारखा असेल तिथे अक्षरं सोडवून दिली आहेत. शेवटच्या भागातल्या दोन-तीन आज्ञा सोडल्या तर बाकी सगळ्या नुसत्या बघायच्या आहेत, त्यांनी काही मोडत नाही. त्यामुळे बिनधास्त करून बघा.

आधी स्वतःला शोधा

'हू-ॲम-आय' हे तीन शब्द जोडून लिहा आणि एंटर दाबा. तुमचं लॉगिन नाव येईल. आता 'आयडी' लिहा. ही आज्ञा जास्त कामाची. तिच्या उत्तरात आधी यूआयडी म्हणून एक आकडा येतो, मग जीआयडी, म्हणजे तुमच्या मुख्य ग्रुपचा आकडा, मग तुम्ही ज्या ज्या ग्रुपात आहात त्यांची यादी.

यातला यूआयडीचा आकडा नीट बघा, कारण मशीन तुम्हाला नावाने ओळखतच नाही, आकड्याने ओळखतं. नाव ही माणसांची सोय. शून्य आकडा रूटचा, म्हणजे सगळे हक्क असलेल्या मुख्य खात्याचा. माणसांची खाती आजच्या बहुतेक लिनक्सवर १००० पासून सुरू होतात, जुन्या रेड हॅटवर ती ५०० पासून होत. त्याखालचे आकडे छपाई, मेल, वेब सर्व्हर अशा कामांसाठी राखलेले. म्हणून यादीत अनोळखी नाव दिसलं आणि त्याचा आकडा ३३ किंवा १०५ असला, तर तो कोणी घुसखोर नसून मशीनचाच एखादा गडी आहे, असं धरायला हरकत नाही.

फाइलवरही मालकाचा हा आकडाच लिहिलेला असतो. एखादा विद्यार्थी पास होऊन गेला, त्याचं खातं उडवलं आणि फाइल्स तशाच राहिल्या, तर 'एलएस' पुढे वजा चिन्ह आणि 'एल' देऊन लांब यादी काढल्यावर मालकाच्या जागी नाव न येता नुसतं १०३१ असं काहीतरी दिसतं. माणूस गेला, आकडा उरला.

'आयडी'ची एक खोड नव्यांना हमखास छळते. ॲडमिनने तुम्हाला नव्या ग्रुपात घातलं, तसा निरोपही आला, तरी फोल्डर उघडत नाही. 'आयडी' बघितलं तर ग्रुप नाही. मग 'आयडी' लिहून पुढे स्वतःचंच लॉगिन नाव द्या, आता ग्रुप दिसतो! नावाशिवाय विचारलं की आज्ञा तुमच्या चालू सत्राचे हक्क सांगते, ते तुम्ही लॉगिन झालात तेव्हाचे असतात. नाव देऊन विचारलं की ती खात्यांच्या वहीत आत्ता काय लिहिलंय ते वाचते. बाहेर पडून पुन्हा आत या, काम होतं. यावरून ॲडमिनला तीन मेल पाठवू नका.

आत्ता आत कोण आहे

दोन आज्ञा आहेत. 'हू', म्हणजे डब्ल्यू-एच-ओ, आणि नुसतं एक अक्षर 'डब्ल्यू'. दोन्ही चालू लॉगिनांची नोंद वाचतात. 'हू' थोडक्यात सांगते, म्हणजे नाव, टर्मिनल, वेळ आणि कुठून आले ते. टर्मिनलच्या रकान्यात पीटीएस आणि पुढे आकडा दिसला की तो माणूस बहुधा एसएसएचने दुरून आलाय. एकाच माणसाच्या चार ओळी दिसल्या तर चार खिडक्या उघड्या आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

'डब्ल्यू' जास्त बोलकी. तिच्या पहिल्या ओळीत मशीन किती दिवसांपासून चालू आहे, किती जण आत आहेत आणि शेवटी लोड ॲव्हरेजचे, म्हणजे सरासरी किती कामं चालू किंवा रांगेत होती त्याचे, तीन आकडे: गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांचे. हे आकडे एकटे वाचू नका. 'एनप्रॉक', म्हणजे एन-पी-आर-ओ-सी, ही आज्ञा चालवून मशीनच्या प्रोसेसरला किती कोअर आहेत ते बघा. ४८ कोअरच्या मशीनवर लोड ४० म्हणजे मशीन मजेत आहे. लोड ९० असला तर रांग लागली आहे. पहिला आकडा मोठा आणि तिसरा लहान असेल तर गर्दी नुकतीच झाली. उलट असेल तर ओसरतेय, चहा पिऊन या. लिनक्सवर डिस्कची वाट बघत अडकलेली कामंही या आकड्यात मोजली जातात, त्यामुळे प्रोसेसर मोकळा असूनही लोड चढलेला दिसू शकतो.

खाली प्रत्येकाची एक ओळ. त्यातला 'आयडल' रकाना म्हणजे त्या टर्मिनलवर शेवटची कळ दाबून किती वेळ झाला. इथे एक बारीक खुबी आहे. ५:१२ असं दिसलं तर पाच मिनिटं बारा सेकंद. त्याच्याच शेवटी एम हे अक्षर असलं तर पाच तास बारा मिनिटं! एका अक्षराने माणूस जागेवर आहे की जेवून झोपलाय ते ठरतं. शेवटचा 'व्हॉट' रकाना त्या खिडकीत काय चाललंय ते सांगतो.

आता माझी चूक. एका शनिवारी संध्याकाळी सर्व्हर पार गळ्यापर्यंत आला होता, लोड नव्वदीत. मी 'डब्ल्यू' मारली. दोनच जण आत, एक मी आणि दुसरं नाव 'कुलकर्णी'. आयडल काही सेकंदांचं. झालं, मी ओळखीच्या कुलकर्णींना खरमरीत मेल टाकला, त्यांच्या गाइडना सीसी करून. दहा मिनिटांत फोन. "अहो, मी साताऱ्यात भाचीच्या लग्नाच्या मांडवात उभा आहे. लॅपटॉप पुण्यात, कपाटात."

कुलकर्णी हे आडनाव इंग्रजीत लिहिलं तर मोजून आठ अक्षरांचं होतं. आणि 'डब्ल्यू' नावासाठी मुळात आठच अक्षरांची जागा ठेवते, पुढचं गुपचूप कापते. आमच्याकडे 'कुलकर्णीए' आणि 'कुलकर्णीएस' अशी दोन खाती होती. दोघंही त्या रकान्यात नुसते 'कुलकर्णी' होऊन बसायचे. देशपांड्यांचंही तेच: नऊ अक्षरं, शेवटचं गळतं. म्हणून नाव नक्की करायचं तर 'हू' बघा, ती पूर्ण नाव छापते. चालू कामं दाखवणाऱ्या 'टॉप' आणि 'पीएस' या आज्ञा निदान प्रामाणिक आहेत, नाव मावलं नाही तर सात अक्षरांनंतर अधिकचं चिन्ह टाकून काहीतरी कापलंय हे कबूल करतात.

पण गोष्ट इथे संपत नाही. मी दुसऱ्या कुलकर्णींना विचारलं. ते एका फाइलमधले स्पेलिंग सुधारत होते.

मशीन राबवतंय कोण

लॉगिन असणं आणि काम चालू असणं या दोन गोष्टींचा एकमेकींशी फारसा संबंध नाही. 'नोहप' (एन-ओ-एच-यू-पी) लावलं की बाहेर पडल्यावरही काम चालू राहतं, ते तसं सोडून माणूस घरी जातो. ठरल्या वेळी कामं चालवणारा क्रॉन रात्री दोनला कुणाच्या तरी नावाने आपणच काम सुरू करतो. यातलं काहीही 'हू'च्या यादीत येत नाही, कारण त्यासाठी कुणी लॉगिन झालेलंच नसतं.

म्हणून मशीन दमलेलं असताना 'टॉप' बघा. सगळ्यात जास्त प्रोसेसर खाणारं काम वर येतं. टक्के शंभराच्या वर दिसले तर दचकू नका. शंभर टक्के म्हणजे एक कोअर, १६०० म्हणजे सोळा कोअर. 'टॉप' चालू असताना यू हे अक्षर दाबा, ती नाव विचारेल. पूर्ण लॉगिन नाव दिलं की फक्त त्याच माणसाची कामं उरतात. सी दाबलं की कामाची अख्खी ओळ दिसते. बाहेर पडायला क्यू.

'पीएस' ने हेच एका फोटोसारखं मिळतं. 'पीएस' पुढे वजा चिन्ह, यू आणि मग लॉगिन नाव, एवढं पुरे. रकाने आपले आपण निवडायचे असतील तर वजा चिन्हापुढे ई-ओ देऊन रकान्यांची नावं स्वल्पविरामाने लिहितात. तिथे 'यूजर' पुढे कोलन देऊन २० लिहिलं की नावाला वीस अक्षरांची जागा मिळते आणि कुलकर्णींचा घोळ मिटतो.

त्या शनिवारचं खरं काम तिसऱ्याच मुलीचं होतं. तिने शुक्रवारी दुपारी 'नोहप' लावून ते सुरू केलं होतं आणि कोअरची संख्या द्यायला विसरली होती. ती लॉगिनच नव्हती. 'टॉप'ने दोन सेकंदांत सांगितलं असतं.

हे दुसऱ्यांचं जसं तुम्हाला दिसतं, तसं तुमचंही त्यांना दिसतं. आज्ञेच्या ओळीत पासवर्ड लिहून डेटाबेस उघडायची सवय असेल तर ती आजच सोडा. 'पीएस'मध्ये काही प्रोग्राम तो झाकतात, सगळे नाही, आणि जे झाकतात तेही क्षणभर उशिराच. काही ॲडमिन प्रॉक या चालू कामांची माहिती असलेल्या फोल्डरवर 'हाइडपिड' हा पर्याय लावतात, मग ज्याला त्याला फक्त स्वतःचीच कामं दिसतात. तुमची यादी संशयास्पद छोटी असेल तर कारण हे असू शकतं.

मोठ्या क्लस्टरवर मात्र हा सगळा भाग बाजूला ठेवा. आयसर पुण्यातल्या परम ब्रह्मसारख्या यंत्रणेत तुम्ही लॉगिन होता ते मशीन म्हणजे नुसता दिवाणखाना. कामं मागच्या बाकीच्या मशीनांवर, म्हणजे नोडांवर, चालतात. तिथे 'टॉप' मारून हाती काही लागत नाही. रांग सांभाळणारा स्लर्म असेल तर 'एसक्यू', म्हणजे एस-क्यू-यू-ई-यू-ई, ही आज्ञा द्या आणि पुढे वजा यू लावून लॉगिन नाव. कुणाचं काम चालू आहे, कुणाचं खोळंबलंय आणि का, ते तिथेच कळतं.

हे नाव कुणाचं

लॉगिन नाव सापडलं, पण 'एसके०७' म्हणजे कोण? यासाठी खात्यांची वही उघडायची. ती ईटीसी फोल्डरमधल्या एका फाइलीत असते. फाइलचं नाव पासवर्ड, पण इंग्रजीत ओ आणि आर गाळून: पी-ए-एस-एस-डब्ल्यू-डी. ही कुणालाही वाचता येते. एक ओळ देवनागरीत मांडली तर अशी दिसेल:

कुलकर्णीए:एक्स:१०४२:१०१२:ए कुलकर्णी,२१४:/होम/कुलकर्णीए:/बिन/बॅश

कोलनने पाडलेले सात रकाने. लॉगिन नाव, पासवर्डची जागा, यूआयडी, मुख्य ग्रुपचा आकडा, माणसाची माहिती, घरचं फोल्डर आणि शेल, म्हणजे तुमच्या आज्ञा वाचणारा प्रोग्राम. पासवर्डच्या जागी एक्स का? पूर्वी तिथे खरोखरच गुंडाळलेला पासवर्ड असायचा, आणि फाइल सगळ्यांना वाचता येणारी. लोक ती घरी नेऊन निवांत फोडत बसायचे. मग पासवर्ड 'शॅडो' नावाच्या दुसऱ्या फाइलीत हलवले, ती सामान्य वापरकर्त्याला उघडत नाही. एक्स म्हणजे "तिकडे बघा".

पाचव्या रकान्याचं नाव अजून 'जीकॉस' आहे. जनरल इलेक्ट्रिकच्या एका जुन्या कार्यप्रणालीचं ते नाव. बेल लॅब्समध्ये युनिक्सवाले छपाईची कामं त्या मशीनकडे पाठवत, त्यासाठी लागणारी ओळख या रकान्यात ठेवत. ते मशीन गेलं, रकान्याला नाव चिकटून राहिलं.

शेवटच्या रकान्यात 'नोलॉगिन' किंवा 'फॉल्स' असेल तर त्या खात्यातून कुणी टर्मिनलवर बसू शकत नाही.

पण ही फाइल थेट उघडून नाव शोधू नका. नवे लोक तिथे 'ग्रेप' ही मजकूर शोधणारी आज्ञा मारतात, नाव मिळत नाही, आणि खातंच नाही असं ठरवून मोकळे होतात. बहुतेक संस्थांत खाती एका मध्यवर्ती सर्व्हरवर असतात, एलडॅपवर वगैरे, या फाइलीत नाहीतच. म्हणून 'गेटएंट' वापरा. स्पेलिंग जी-ई-टी-ई-एन-टी. पुढे पी-ए-एस-एस-डब्ल्यू-डी आणि मग लॉगिन नाव किंवा यूआयडीचा आकडा, दोन्ही चालतं. ही आज्ञा मशीन स्वतः जिथे जिथे विचारतं त्या सगळ्या जागी विचारून ओळ आणून देते. नाव न देता अख्खी यादी मागितली तर मात्र मध्यवर्ती खाती बरेचदा गाळली जातात, कारण हजारो नावं एकदम ओढायला सर्व्हरला परवडत नाही. यादीत नाही म्हणजे खातं नाही असं नव्हे, नाव घेऊन विचारा.

ग्रुपसाठी 'गेटएंट ग्रुप' आणि ग्रुपचं नाव. इथेही फसगत ठरलेली. या उत्तरात फक्त वरून जोडलेले सदस्य येतात. ज्यांचा तो मुख्यच ग्रुप आहे ते येत नाहीत, कारण त्यांची नोंद वरच्या वहीतल्या चौथ्या रकान्यात असते. सगळ्या विभागाचा ग्रुप आणि सदस्य मात्र शून्य, असं दिसलं तर घाबरू नका.

एका माणसाबद्दल हे सगळं एकाच पानावर देणारी एक जुनी आज्ञा होती, 'फिंगर'. १९७१ मध्ये स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत लेस अर्नेस्ट यांनी ती लिहिली. तिथले लोक लॉगिनांच्या यादीवरून बोट फिरवत नाव शोधायचे, त्यावरून हे नाव. घरच्या फोल्डरमध्ये 'प्लॅन' नावाची फाइल ठेवली, आधी एक टिंब देऊन, तर तिच्यातला मजकूर फिंगर करणाऱ्याला दिसे: सुट्टीवर आहे, सोमवारी भेटा, वगैरे. पुढे ती जाळ्यावरून दुसऱ्या मशीनवरच्या माणसाचीही चौकशी करू लागली. कार्नेगी मेलन विद्यापीठात तर कोकच्या मशीनला फिंगर करून बाटल्या थंड आहेत का ते बघत. २ नोव्हेंबर १९८८ ला मॉरिसचा किडा, म्हणजे आपोआप पसरणारा एक प्रोग्राम, इंटरनेटभर पसरला, तो ज्या फटींतून शिरला त्यांत या फिंगरच्या सर्व्हरमधली एक होती. आता ती सहसा बसवलेली नसते. तिची धाकटी बहीण 'पिंकी', म्हणजे करंगळी, बहुतेक लिनक्सवर आयती असते. 'पिंकी', वजा एल आणि लॉगिन नाव देऊन बघा. पूर्ण नाव, घर, शेल आणि प्लॅन फाइल सगळं छापते.

'हूइज' या आज्ञेच्या नावाला भुलू नका. ती वेबसाइटच्या डोमेनचा मालक शोधते, तुमच्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा नाही.

कोण कधी येऊन गेलं

'लास्ट' लिहा, जुनी लॉगिनं नव्यापासून जुन्याकडे येतात. पुढे नाव दिलं तर त्याचीच. इथेही नाव आठ अक्षरांवर कापलं जातं, वजा डब्ल्यू दिलं की पूर्ण येतं. यादीच्या तळाला 'डब्ल्यूटीएमपी बिगिन्स' आणि तारीख असते. ती ओळ न वाचता निष्कर्ष काढू नका. नोंदवही ठरावीक काळाने, अनेकदा महिन्याला, बदलली जाते. आज दोन तारीख असेल आणि वही कालच बदलली असेल, तर "हा माणूस सर्व्हरवर कधी येतच नाही" असं तुम्हाला खुशाल वाटेल.

'लास्टलॉग' प्रत्येक खात्याचं शेवटचं लॉगिन सांगते. बंद करण्याजोगी खाती शोधायला ती उत्तम. फसलेल्या लॉगिनांची यादी 'लास्टबी' देते, पण ती फक्त रूटला. आणि ते बरंच आहे: घाईत लोक नावाच्या जागी पासवर्ड टाइप करतात, आणि तो या यादीत नाव म्हणून जसाच्या तसा नोंदला जातो.

नव्या डेबियन १३ वर या तिन्ही आज्ञा नेहमीच्या जागी सापडणार नाहीत. जुन्या नोंदवह्यांत वेळ ३२ बिटांत लिहिलेली, आणि ती मोजणी १९ जानेवारी २०३८ ला आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनी संपते. म्हणून तिथे 'डब्ल्यूटीएमपीडीबी' आणि 'लास्टलॉग२' आल्या आहेत. त्या वेगळ्या बसवाव्या लागल्या तर ॲडमिनला सांगा.

माहिती मिळाली, पुढे काय

बघता येतं म्हणजे सगळं बघावं असं नाही. कुणी रात्री तीनला लॉगिन होतं, कुणी आठवडाभर आलंच नाही, हे चहाच्या टपरीवर चघळायचे विषय नव्हेत. कुणाचं घरचं फोल्डर उघडं दिसलं तरी आत शिरू नका. जुन्या मशीनवर ते मुळातच उघडं असायचं, उबंटूने २१.०४ पासून नव्या खात्यांचं दार बंद ठेवायला सुरुवात केली. उघडं राहिलंय हे त्या माणसाला कदाचित माहीतच नसेल. सांगा.

कुणाचं काम मशीन अडवत असेल तर पूर्ण लॉगिन नाव, कामाचा पीआयडी, म्हणजे मशीनने त्याला दिलेला क्रमांक, आणि किती वेळ चालू आहे, एवढं लिहून त्याला आणि त्यालाच मेल करा. सीसी दुसऱ्या मेलसाठी ठेवा. तो आत असेल तर 'राइट', नाव आणि टर्मिनल देऊन थेट त्याच्या पडद्यावर ओळ पाठवता येते, पण तो काही लिहीत असेल तर त्याच्या मजकुरात तुमची ओळ घुसते आणि शिव्या बसतात. तुम्हाला तसं नको असेल तर 'मेसग एन', म्हणजे एम-ई-एस-जी आणि एन.

आणि तुमची स्वतःची ओळ नीट करा, म्हणजे दुसऱ्याला तुम्ही सापडाल. 'सीएचएफएन' या चार अक्षरांच्या आज्ञेने पाचवा रकाना बदलता येतो, खातं त्याच मशीनवर असेल तर. डेबियनवर पूर्ण नाव सहसा ॲडमिनच बदलू शकतो, खोली आणि फोन मात्र तुमच्या हातात असतात. फोन न देणंच शहाणपणाचं, तो सगळ्यांना दिसतो. लग्नाहून परत आल्यावर आमच्या कुलकर्णींनी पहिलं काम हेच केलं. आजही 'गेटएंट'ला त्यांचं नाव विचारलं की खोली क्रमांकाच्या जागी रोमन अक्षरांत लिहिलेलं येतं: २१४ जॉब माझा नाही.